भिंत कोणाच्या पट्टीने मोजायची?

गेल्या वर्षी आम्ही उभयता लेकीकडे ऑकलंडला तीन महिने राहून आलो. न्यूझीलंडमधल्या बहुतेक घरांसारखे तिचेही घर लाकडी सांगाड्याचे, एकमजली, पत्र्याच्या छपराचे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. ती पाडून दोन्ही खोल्या एक कराव्यात, असे लेक-जावयाच्या मनात होते. ओट्यापाशी उभे राहून मुलीच्या अभ्यासावर लक्ष ठेवता येईल, हा लेकीचा हिशेब. मी त्या भिंतीवर टिचकी मारून पाहिली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारावी तसा आवाज आला. आमच्या गावच्या घराच्या भिंतीत कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात लहानपणी मी मांडी घालून बसत असे. या भिंतीची जाडी सारी चार-साडेचार इंच. मी म्हणालो, "अगं, ही कसली भिंत, हा तर पडदा! एका दुपारचे काम."

"बाबा, इथे असं चालत नाही. आधी माणूस बोलवावा लागतो," ती म्हणाली.

घराचे आराखडे करणारा एक तरुण आला. त्याने टेप लावून प्रत्येक भिंतीची लांबी घेतली, दारे-खिडक्या टिपल्या, छपराचा उतार पाहिला, घराला वारा कोणत्या अंगाने लागतो तेही पाहिले, आणि सगळे आपल्या लॅपटॉपमध्ये भरले. अर्ध्या तासाने त्याने लॅपटॉपचा पडदा आमच्याकडे वळवला आणि सांगितले, "ही भिंत सगळी काढता येणार नाही. छप्पर हिच्यावर टेकलेले नाही हे खरे. पण घर हिच्यामुळे ताठ उभे आहे."

छप्पर जिच्यावर टेकलेले नाही, तिच्यामुळे घर उभे! हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यात किती घरांना कर्जे दिली याचा हिशेब नाही. परंतु घर उभे कशाने राहते, हा प्रश्न मी कधी कोणत्याही अर्जदाराला विचारला नव्हता, आणि स्वतःलाही नाही. पुढचे काही आठवडे मी त्या एका भिंतीचा पाठपुरावा केला. तो करताना जे हाती लागले ते केवळ न्यूझीलंडपुरते नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

चौकोनाचा शंकरपाळा

चार काड्या घ्या आणि टोकांना टाचण्या लावून चौकोन करा. वरून सरळ दाबलात तर तो टिकतो. बाजूने बोटाने रेटलात की चौकोनाचा शंकरपाळा होतो. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काडी लावा. चौकोन हलत नाही. तिरप्या काडीऐवजी मागे पुठ्ठा चिकटवलात तरी तेच होते. कपाटाच्या पाठीमागची पातळ फळी काढून टाकली की भक्कम दिसणारे कपाट डुगडुगू लागते, हे घर बदलताना आपण सर्वांनीच अनुभवलेले आहे. ती फळी पुस्तकांचे वजन पेलत नाही. ती कपाटाला शंकरपाळा होऊ देत नाही.

लाकडी घराचे तसेच आहे. उभे वासे छपराचे वजन सहज पेलतात. पण वारा आणि भूकंप वरून येत नाहीत, बाजूने येतात. त्यांच्या आडव्या रेट्याला तोंड द्यायला वाशांवर कुठे तिरप्या पट्ट्या, कुठे प्लायवुड, आणि न्यूझीलंडमध्ये हल्ली बहुतेक ठिकाणी जिप्समचे बोर्ड ठोकलेले असतात. आपल्याकडे दिवाणखान्याच्या खोट्या छताला वापरतात तेच जिप्सम. दिसायला ती भिंतीची आतली सजावट. प्रत्यक्षात ती घराची पाठीमागची फळी. मात्र बोर्ड कोणता, किती जाडीचा, त्याचे खिळे किंवा स्क्रू किती अंतरावर, आणि भिंतीचा तळ जमिनीशी कसा बांधला आहे, यावर तिची ताकद ठरते. एकसारख्या रंगवलेल्या दोन भिंतींपैकी एक घराला धरून ठेवणारी आणि दुसरी निव्वळ आडोसा, असे असू शकते. टिचकी मारून ते कळत नाही.

न्यूझीलंडला हा धडा महागात मिळाला. ३ फेब्रुवारी १९३१ रोजी नेपियर भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि २५६ माणसे गेली. विटांच्या इमारती ढासळल्या; लाकडी घरांची धुराडी पडली, पण घरे बहुतांशी उभी राहिली. १९३५ मध्ये तेथे बांधकामाचे नमुना नियम तयार झाले. पुढे १९७८ मध्ये लाकडी घरांसाठी वेगळे राष्ट्रीय मानक निघाले. एनझेडएस ३६०४ हा त्याचा क्रमांक तेथील सुतारांच्या तोंडी आपल्याकडच्या सात-बारासारखा रुळलेला आहे. त्याची थोरवी ही की, ठरावीक उंचीपर्यंतचे साधे घर असेल तर प्रत्येक वेळी इंजिनिअरकडून आकडेमोड करून घ्यावी लागू नये, अशा बेताने ते लिहिलेले आहे.

यासाठी त्यांनी एक साधे माप ठरवले. ताकदीचे एकक. वीस एकके म्हणजे सुमारे शंभर किलो वजनाइतका आडवा रेटा. म्हणजे एक एकक साधारण पाच किलोंचे. ब्रान्झ नावाची तेथील बांधकाम संशोधन संस्था आहे. तिने ठरवलेल्या पद्धतीने प्रयोगशाळेत भिंतीचा नमुना उभा करून तो यंत्राने पुढे-मागे, पुढे-मागे ढकलतात आणि त्या प्रकारच्या भिंतीला मीटरमागे किती एकके द्यायची ते ठरवतात. मग उरतो तो जमाखर्च. वारा किती, भूकंपाचा विभाग कोणता, छप्पर जड की हलके, यावरून घराची गरज निघते. ती नावे बाजूला. भिंतींची एकके जमेला. समजा, घराला आडव्या दिशेने ८०० एककांची गरज आहे. मीटरला ६० एकके देणारी दोन मीटरची भिंत १२० एकके देईल. अशा भिंती जोडत जायचे. लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा, वाऱ्याचा आणि भूकंपाचाही वेगळा. शिवाय सगळी ताकद घराच्या एकाच टोकाला गोळा झालेली चालत नाही. ताकदीच्या भिंतींच्या रांगा साधारणपणे सहा मीटरपेक्षा दूर असू नयेत आणि प्रत्येक रांगेने निदान शंभर एकके दिलीच पाहिजेत.

बँकेच्या माणसाला हे लगेच समजते. ही तर ट्रायल बॅलन्स! आमच्या तरुणाच्या लॅपटॉपवर जे सॉफ्टवेअर होते ते हाच ताळेबंद मांडत होते. कोष्टके चाळत आणि कागदावर बेरजा करत बसण्यात पूर्वी बराच वेळ जात असे आणि एखादी रांग विसरली तर कोणाच्या ध्यानातही येत नसे. आता खिडकी अर्धा मीटर सरकवली की आकडा लगेच बदलतो, कमी पडले की तो सांगतो. लेकीची भिंत काढल्यावर मधली रांग उपाशी राहत होती. तेथील कायदा सांगतो की, दुरुस्तीनंतर घर या बाबतीत पूर्वीपेक्षा कमकुवत होता कामा नये. म्हणून सगळी भिंत पाडणे नामंजूर.

जड भिंतीचा भरवसा

त्या रात्री मला झोप येईना, कारण मला किल्लारी आठवली.

१९९३ साली मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक दमून घरी येऊन झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. आम्ही बँकेची माणसे पंचनाम्यांच्या कामाला गेलो तेव्हा पाहिले ते एवढेच सांगतो, की माणसे भूकंपाने मेली नव्हती, स्वतःच्या घरांनी मेली होती. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांच्यावर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जाड माळवद. ज्या भिंती पाहून सोयरिकीला आलेले पाहुणे घरदार भक्कम म्हणत, त्याच भिंती बाहेरचा पदर एकीकडे आणि आतला दुसरीकडे अशा फुटून आल्या. काही ठिकाणी ढिगाऱ्यात खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा तेवढा उभा दिसे.

भूकंपाचा रेटा घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जितके घर जड तितका धक्का मोठा. जाडी ही ताकद नव्हे. दगडाला दगड बांधणारा आरपार दगड, चारही भिंतींना कवळणारा पट्टा आणि खांब-तुळईच्या सांध्यावरची तिरपी पट्टी, या तीन गोष्टी तज्ज्ञांनी तेव्हा परोपरीने सांगितल्या. तिरपी पट्टी म्हणजे तीच, चौकोनाचा शंकरपाळा होऊ न देणारी.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला. तीव्रता किल्लारीच्या आसपासचीच. १८५ माणसे गेली. दोन्ही घटनांची सरळ तुलना करू नये. तिथे दुपारची वेळ होती, इथे सगळे झोपेत. परंतु मृत्यू कुठे झाले ते पाहण्यासारखे आहे. ११५ माणसे एकाच सीटीव्ही नावाच्या सहा मजली काँक्रीट इमारतीत गेली आणि १८ दुसऱ्या एका इमारतीत. उरलेल्यांपैकी बरेच जण रस्त्यावर कोसळलेल्या जुन्या विटांच्या दर्शनी भिंतींखाली सापडले. एक लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले. भिंतींना तडे गेले, धुराडी पडली, जमीन पाण्यासारखी होऊन पाये कलंडले. पण लाकडी घरांचे सांगाडे कोसळून माणसे चिरडली गेली, असे सर्रास घडले नाही. आवाज पोकळ येणाऱ्या त्या पातळ भिंतींनी आपले काम केले.

सीटीव्ही इमारतीचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८६ साली तिची रचना करताना संगणकाची मदत घेतली होती. तरी शाही आयोगाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की, ती रचना तेव्हाच्या नियमांनाही धरून नव्हती, रचनाकाराला अशा कामाचा पुरेसा अनुभव नव्हता, वरिष्ठाने ती नीट तपासली नव्हती आणि नगरपालिकेने परवानगी द्यायलाच नको होती. संगणक होता. दुसरी नजर नव्हती.

पट्टी आणि दुकान

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या तरुणाच्या सॉफ्टवेअरचे नाव मी विचारले. ईझीब्रेस. कोणी केले? सरकारने? मानक मंडळाने? नाही. जिप्समचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याने. जिब या नावाने ते बोर्ड विकले जातात; विन्स्टन वॉलबोर्ड्स ही कंपनी ते बनवते आणि ती फ्लेचर बिल्डिंग या मोठ्या उद्योगसमूहाची आहे. इतर काही उत्पादकांचीही अशी साधने आहेत. पण सवय या एकाची. साधन उत्तम आहे. त्यातले आकडे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहेत. आणि ते फुकट आहे!

फुकट हा शब्द ऐकला की निवृत्त बँकवाल्याचे कान टवकारतात.

माझ्या ग्रामीण शाखेत ट्रॅक्टरचा एक विक्रेता येत असे. त्याचा माणूस शेतकऱ्याची सगळी फाईल तयार करूनच आणायचा. अर्ज, सात-बारा, कोटेशन आणि जोडीला उत्पन्नाचा एक छापील तक्ता. ट्रॅक्टर भाड्याने फिरवून वर्षाला किती मिळतील, हप्ता किती, शिल्लक किती. बेरजा अचूक. आमचे काम वाचायचे म्हणून आम्ही खूश. तीन वर्षांनी थकबाकी वाढली तेव्हा मी तो तक्ता पुन्हा उघडला. चूक बेरजेत नव्हती. वर्षाला जेवढे तास भाड्याचे काम धरले होते, तेवढे काम त्या पंचक्रोशीत नव्हतेच. शिवाय तक्ता एकाच अश्वशक्तीच्या, एकाच बनावटीच्या ट्रॅक्टरसाठी मांडलेला. तो तक्ता जो वापरील तो दुसरा ट्रॅक्टर घेणार कसा? पट्टी ज्याची, कापड त्याचे.

न्यूझीलंडमध्ये आकडे खोटे नव्हते, हे मी पुन्हा सांगतो. तिथे वेगळीच अडचण झाली. रचनाकार हिशेब त्या साधनात करणार, म्हणून नकाशावर त्याच कारखान्याच्या भिंतीचे नाव लिहिणार. नगरपालिका त्याच नावाला मंजुरी देणार. सुतार तोच बोर्ड आणणार. यात कोणाचीही लबाडी नाही. प्रत्येकजण ओळखीच्या वाटेने जातो आहे. पण असे वर्षानुवर्षे चालल्यावर देशातल्या जिप्सम बोर्डाच्या बाजारपेठेत सुमारे ९४ टक्के वाटा त्या एका कंपनीचा झाला. देशात हा बोर्ड बनवणारी ती एकमेव कंपनी.

मग आले २०२२ साल. करोनानंतर घरबांधणीला उधाण आले होते. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक नव्या घरांना परवाने मिळत होते. बोर्ड पुरेनात. मागणी नोंदवून माल मिळेना, कंपनीला वाटप पद्धत आणावी लागली. अर्धवट घरे बोर्डाची वाट पाहत उभी राहिली. ओळीने ठरलेली कामे पुढे पुढे ढकलली गेली. बाहेरून आणलेला दुसरा बोर्ड होता. पण तो लावायचा तर भिंतींचा ताळेबंद पुन्हा मांडा, नकाशा बदला, नगरपालिकेला पटवा. नियम कोणत्याही एका कंपनीचा बोर्ड सांगत नव्हता. नियमाने फक्त एकके मागितली होती. परंतु एककांचा हिशेब आणि बोर्डाचे नाव यांची गाठ इतकी घट्ट बसली होती, की ती सोडवायला जूनमध्ये सरकारला कृतिगट नेमावा लागला आणि पर्यायी बोर्ड कसा स्वीकारावा याच्या सूचना काढाव्या लागल्या.

तेथील वाणिज्य आयोगाने घरबांधणीच्या साहित्याची चौकशी त्याआधीच हाती घेतली होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला. स्पर्धा जशी चालायला हवी तशी चालत नाही, नियमांची आणि परवान्यांची सारी व्यवस्थाच परिचित मालाच्या बाजूने झुकते, असा त्याचा सूर होता. नगरपालिकांनाही दोष देता येत नाही. बांधकामात दोष निघाला आणि बांधणारा पळाला किंवा बुडाला, तर भरपाईचा बोजा नगरपालिकेवर पडू शकतो. १९९० च्या दशकात नियम सैल झाले, नव्या आच्छादनांची आणि प्रक्रिया न केलेल्या लाकडाची हजारो घरे झाली, भिंतींत पाणी मुरून ती आतून कुजली. २००९ मध्ये त्या गळक्या घरांच्या नुकसानीचा अंदाज अकरा अब्ज डॉलरच्या वर गेला होता. त्या चटक्याने पोळलेला अधिकारी अनोळखी बोर्डाला सहजासहजी मान्यता कशी देईल?

मला या प्रकरणात कंपनीचा दोष कमी आणि सार्वजनिक संस्थांचा अधिक वाटतो. मानक सरकारी, माप सार्वजनिक, चाचणीची पद्धत सार्वजनिक. मग ते माप रोज वापरायचे साधनच तेवढे विक्रेत्यावर का सोडले? गावच्या बाजारात तराजू वाण्याचा असला तरी वजनावर शिक्का सरकारचा लागतो. येथे बोर्डाची ताकद मोजायला शिक्क्याचे माप होते. पण सर्व कंपन्यांच्या भिंती एका ओळीत मांडून दाखवणारा सार्वजनिक तराजू कोणी बाजारात मांडला नाही. जो मांडील त्याच्या दुकानात गर्दी होणार, हे ठरलेलेच.

गोदाम पाहिल्याशिवाय

ही चर्चा आज अधिक महत्त्वाची झाली आहे, कारण न्यूझीलंडने २०२५ मध्ये आणखी एक दार उघडले. सत्तर चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे साडेसातशे चौरस फुटांचे, साधे स्वतंत्र घर आता नगरपालिकेच्या बांधकाम परवान्याशिवाय बांधता येईल असा कायदा झाला आणि २०२६ च्या सुरुवातीपासून तो लागू झाला. आजी-आजोबांसाठी मागच्या अंगणात छोटे घर, अशी त्याची ओळख. त्यामुळे आमच्या वयाच्या माणसांचा त्याच्याशी जवळचा संबंध. घरांची टंचाई आणि परवान्यांची दिरंगाई पाहता त्यामागचा हेतू चांगला आहे. अटीही आहेत. घर बांधकाम संहितेप्रमाणेच हवे, काम परवानाधारक माणसांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावे, नगरपालिकेला आधी कळवावे आणि काम संपल्यावर कागदपत्रे द्यावीत.

परंतु नकाशा तपासणारा आणि बोर्ड लागताना येऊन पाहणारा नगरपालिकेचा माणूस त्यातून गेला. उरला तो परवानाधारक, त्याचा विवेक आणि त्याच्या लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअरला काय ठाऊक असते? तुम्ही त्याला जे सांगता तेवढेच. खिळे दीडशे मिलिमीटरवर ठोकले की तीनशेवर, हे ते पाहू शकत नाही. नळवाल्याने पाइप नेण्यासाठी भिंतीच्या तळाचे लाकूड कोरले, हे त्याला कळत नाही. दहा वर्षांनी नव्या मालकाने मोठ्या पडद्याचा टीव्ही भिंतीत बसवायला तोच बोर्ड कापला, हेही नाही. त्याचा भूकंपाचा नकाशासुद्धा कोणीतरी दिलेलाच असतो. क्राइस्टचर्चच्या धोक्याचा गुणक भूकंपापूर्वी ०.२२ होता, हानी झाल्यावर २०११ मध्ये तो ०.३ केला. २०२२ च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासाने देशाच्या बहुतेक भागांचा धोका आधीच्या अंदाजापेक्षा वाढीव दाखवला. आपली किल्लारी तेव्हाच्या भारतीय नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ मध्ये तो पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात आला. त्याला नऊ वर्षे लागली. जुन्या नकाशावर कोणीही सॉफ्टवेअर चालवले असते, तर त्याने किल्लारीला निर्धोक ठरवले असते, आणि बेरीज अचूक असती.

बँकेत आम्ही व्यापाऱ्याला गोदामातल्या मालावर कर्ज देत असू. दर महिन्याला तो मालाचा तक्ता पाठवी. एका व्यापाऱ्याचे तक्ते इतके सुबक असत, की आम्ही ते नव्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवत असू. एकदा मॅनेजरसाहेब न सांगता गोदामात गेले. पुढच्या दोन रांगांत तूर होती. मागच्या सगळ्या पोत्यांत भुसा. त्या दिवसापासून माझी खात्री झाली की, तक्ता जितका सुबक, तितके गोदाम पाहणे अधिक जरूर. सॉफ्टवेअरने छापलेला कागद फार सुबक असतो. त्याच्याखाली खाडाखोड नसते, शंका नसते, शाईचा डाग नसतो. तो पाहून माणसाला विचारावेसे वाटत नाही. हीच त्याची खरी जोखीम.

याचा अर्थ हाताने बेरजा कराव्यात असा नाही. कोष्टकांत चुकणारा माणूस यंत्रापेक्षा बरा, असे म्हणणारा मी नव्हे. लेजर हाताने जुळवण्यात माझ्या किती रात्री गेल्या ते माझ्या घरी विचारा. परंतु बेरीज सोपी झाली की वाचलेला वेळ गोदाम पाहण्यात जायला हवा. तो वाचला म्हणून गोदामाची फेरीच रद्द करणे, हा उलटा हिशेब झाला.

आपल्या गवंड्याच्या हाती

वाचक म्हणतील, हे झाले तिकडचे; आपल्याकडे लाकडी घरेही नाहीत आणि असले सॉफ्टवेअरही नाही. खरे आहे. पण प्रश्न तोच आहे. भूकंपात टिकणाऱ्या घरांसाठी आपली भारतीय मानके आहेत. किल्लारी झाली त्या १९९३ सालीच त्यांतली काही निघाली किंवा सुधारली गेली. दगडाच्या, मातीच्या, विटांच्या साध्या घरांसाठी त्यांत वेगळे मार्गदर्शन आहे. ती मानके इंजिनिअरच्या भाषेत आहेत आणि खेड्यातले, तालुक्यातले घर बांधतो गवंडी. त्याच्या हाती कोणती पट्टी आहे? गवंड्यांचे मेळावे भरवून त्यांना टोप्या, पिशव्या आणि माहितीपत्रके देतात त्या बहुधा सिमेंटच्या कंपन्या. त्यांनी शिकवू नये असे नाही. पण सिमेंट विकणारा सिमेंट किती घालावे हे सांगेल; खिडकी कोपऱ्यापासून किती लांब हवी, आणि दारांवरून जाणारा काँक्रीटचा पट्टा मध्येच तोडू नये, हे त्याने सांगितलेच पाहिजे असे कोणते बंधन आहे?

बँकांनाही मी मोकळे सोडणार नाही. गृहकर्जाच्या फाईलीत आम्ही मालकीचा शोध घेत असू, मंजूर नकाशा घेत असू, मूल्यांकन आणि विमा घेत असू. वीस-वीस वर्षे जे घर आमच्याकडे तारण राहणार, ते आडवा रेटा कशाने पेलणार, यासाठी एक ओळ नव्हती. एक साधा प्रश्न, एक साधी सही फाईलीत मागितली असती तर गवंड्याला ते शिकावे लागले असते. ज्याच्या हाती पैसा त्याचा प्रश्न लोक ऐकतात. आम्ही तो विचारला नाही, याची टोचणी मला किल्लारीपासून आहे.

न्यूझीलंडकडून घेण्यासारखे म्हणजे त्यांचे बोर्ड नव्हेत आणि त्यांचे सॉफ्टवेअरही नव्हे. तज्ज्ञाचे ज्ञान सुताराला बेरीज करता येईल इतके सोपे करून मांडणे, ही त्यांची खरी कमाई. आणि टाळण्यासारखे म्हणजे त्या बेरजेची चावी एकाच दुकानाच्या गल्ल्यात ठेवणे. अशी पट्टी मराठीत, सार्वजनिक संस्थेने केलेली, कोणत्याही मालाचे नाव नसलेली, गवंड्याच्या मोबाइलवर चालणारी असावी. आणि भिंत लिंपण्यापूर्वी ती एकदा पाहून सही करणारा माणूस असावा. दोन्ही हवीत. एक असून दुसरे नसेल तर सीटीव्ही होते किंवा भुशाचे गोदाम होते.

लेकीच्या भिंतीचे शेवटी काय झाले, ते सांगायचे राहिले. अर्धी काढली, अर्धी ठेवली, आणि ठेवलेल्या अर्ध्या भिंतीवर अधिक ताकदीचा बोर्ड लावून ताळेबंद जुळवला. बोर्ड लागले त्या दिवशी मी खुर्ची टाकून बसलो होतो. सुताराला पट्टी मागितली आणि खिळ्यांची अंतरे मोजली. तो हसला, पण त्याने मोजू दिली. एका ठिकाणी अंतर जास्त निघाले. काही न बोलता त्याने मध्ये एक खिळा मारला.